विषम

फेब्रुवारी. वेंटा नदी अजून गोठलेली.
स्वयंपाकघराच्या टेबलावर बियांची पाकिटं मांडून बसलेय,
पत्त्यांचा डाव लावावा तशी.
जागा तेवढीच आहे, इल्ग्वार्स,
खुराड्यापासून सफरचंदाच्या झाडापर्यंत
सात पावलं.
तुझी. माझी नऊ भरतात.

ही बाग बघायची नाही, कापायची.
पलीकडे नवी आलेली बाई विचारते,
तुमचा हात कसा धजतो?
म्हटलं, स्वीट पीला विचार.
रोज कापा, रोज फुलते वेडी.
दोन दिवस दया दाखवली की शेंगा धरते,
आणि झालं माझं काम म्हणत पिवळी पडते.

पिओनी नको. तीन वर्षं अंगाला हात लावू देत नाही
आणि तीन वर्षांचे वायदे मी आता करत नाही.
खसखशीची फुलंही नकोत.
देठाचं टोक मेणबत्तीवर भाजा, कोमट पाण्यात ठेवा,
एवढे लाड करूनही संध्याकाळी पाकळ्या टेबलावर.
तू त्या वेचून बशीत ठेवायचास. टाकवायच्या नाहीत तुला.
डेलिया मात्र हवीच.
तिला पुरती उमलल्यावर कापायचं,
कळी कापली तर कळीच राहते, हट्टी.
कंद तळघरात आहेत, वाळूत,
ऑक्टोबरात तूच निजवलेले.
काल चिठ्ठ्या वाचल्या तुझ्या अक्षरातल्या:
लाल.
लाल?
बहुतेक तीच.

आपल्याकडे फुलं मोजून देतात.
जित्या माणसाला तीन, पाच, सात.
सम आकडा मेलेल्यांचा.
फुलवालीसुद्धा आधी हळूच विचारते, कशासाठी हवीत?
चाळीस वर्षं मी विषमच कापत आले,
मोजलं नाही कधी, बोटांनाच ठाऊक होतं.
नोव्हेंबरात काचेखाली शेवंती उरली होती थोडी.
सहा हव्या होत्या. बोटांनी सातवी कापली.
ती कोटाच्या खिशात राहिली.
कोट अजून खुंटीवर आहे, तसाच.

तर यादी झाली ती अशी:
पांढरे अ‍ॅस्टर, पांढरा स्टॉक, पांढरा फ्लॉक्स.
ऑगस्टात दफनभूमीचा सण,
सगळं गाव वाळूवर दाताळं फिरवून रेघा काढणार,
बाकांवर बसून एकमेकांच्या कबरी बघणार.
तुझ्यापाशी काही उणं दिसायला नको.
पाकिटं एकावर एक रचली.
ढिगाऱ्याकडे बघितलं तर खिडकीबाहेरचाच रंग.

तेवढ्यात अंडी न्यायला रेनार्स आला,
स्काइद्रीतेचा नातू, पुढचे दोन दात पडलेले.
सप्टेंबरच्या एक तारखेला त्याची शाळा सुरू.
बाईंसाठी फुलं माझ्याकडूनच न्यायचा म्हणे.
ग्लॅडिओलस लावू? विचारलं.
सगळे तेच आणतात, म्हणाला,
मग बाई दिसतच नाहीत.
मला सूर्यफूल हवं. माझ्याहून उंच.

समजावलं त्याला. सूर्यफूल खादाड असतं,
वाफ्याचं सगळं सत्त्व ओढून घेतं,
शेजाऱ्यांचं ऊन अडवतं,
देठ कापायला कात्री नाही, करवत लागते,
आणि वर्गात ठेवणार कशात? बादलीत?
बादलीत, म्हणाला.
मग थोडा वेळ अंडी मोजत राहिला.
एक विषम असतं ना?
असतं, म्हटलं.
मग एकच पुरे.

तो गेल्यावर फ्लॉक्सचं पाकीट परत डब्यात टाकलं.
कागदावर सावली आखून पाहिली,
दुपारी तीननंतर बरोबर पांढऱ्या अ‍ॅस्टरवर पडते.
पडू दे.
दोन बिया टाकीन, एक गोगलगाईची.
मेमधली शेवटची थंडी सरली
की वाफा आखायला त्यालाच बोलवीन.
खुराड्यापासून सफरचंदापर्यंत
त्याची बारा भरतील, की तेरा,
मोजायला हवं.