दोघांचं पित्त

चोडणला मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार:
ओहोटीला उघडतं, भरतीला आपसूक मिटतं,
शेतातलं पाणी नदीला देतं,
नदीचं खारं शेताला देत नाही.
हे त्या दाराचे राखणदार.
रात्री ओहोटी लागली की दाराला जाळं,
बाराला घरी, हुमण-भात,
शेवटचा घास उतरतो न उतरतो
तोच आडवे.

दोनला उठून बसायचे, छातीच्या मधोमध मूठ धरून.
घशाशी आंबट.
“पित्त गो, पित्त!”
ही हाक तुळशीदास मास्तरांच्या ओसरीपर्यंत जायची
आणि सकाळी फेरीबोटीत कुणी तिसरीच बाई विचारायची,
यांचं पित्त कसं आहे?

माझंही पित्तच, असं मी धरून चाललेले.
फक्त माझं वर येत नसे.
बरगड्या जिथे फाकतात त्याच्या जरा खाली,
बोटाएवढ्या जागी, कुरतडल्यासारखं,
पहाटे, रिकाम्या पोटी.
दोन बिस्किटं खाल्ली की गप्प.
मग पुन्हा.
एकाच बाटलीतलं गुलाबी औषध दोघं प्यायचो,
हे थेट तोंड लावून, मी चमच्यानं.
लावणीत गुडघ्यांसाठी एक पिवळी गोळी होती,
मागितली की दुकानदार देई.
सकाळी कोऱ्या चहाबरोबर एक.
पुढे दोन.

शी काळी झाली. डांबरासारखी.
हे कुणाला सांगायचं?
रायबंदरच्या धक्क्यावर मी बसले ती उठलेच नाही.

बांबोळीला नळी घातली, रक्ताची बाटली लावली.
शुद्धीवर आल्यावर मी डॉक्टरणीला म्हटलं,
इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आहे हो,
सासूचं एक वाक्य, कुळाची केस,
धाकट्या दिराला दिलेली माझी पाटली.
तेच आतून खात असणार.
डॉ. इझिल्दा मिनेझिश हसल्या नाहीत.
म्हणाल्या, “बाय, गिळलेल्या शब्दांनी भोक पडत नाही.
एक जंतू सापडलाय.
आणि तुझी ती पिवळी गोळी.”

खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.
एवढं गिळलं,
त्याचा कुठेच हिशेब नाही?

मग त्यांनी कागदावर पोट काढलं
आणि मला खाजन दिसलं.
यांचं दार सैल. नदी उलटी शिरते,
बांध शाबूत, पण वरचं शेत खाऱ्यानं करपतं.
माझं दार ठीक.
बांधालाच कुर्लीनं बीळ पाडलेलं,
आणि अंगावरचा चिखल गोळीनं धुऊन नेलेला.
आम्ही मात्र दोघांना एकच नाव देऊन
एकाच बाटलीनं लिंपत होतो.

यांना: न्याहारीआधी अर्धा तास एक गोळी,
जेवण आठला, उर्राक नको,
खाटेच्या उशाकडच्या पायांखाली एकेक चिरा.
“दारच बदलता येत नाही?”
“येतं की, ऑपरेशननं. आधी चिऱ्यांवर बघू.”
मला: यांचीच ती गोळी, पण दिवसातून दोनदा,
आणि चौदा दिवस दोन जातींची अँटिबायोटिकं.
तोंडाला तांब्याच्या पैशाची चव.
पिवळी कायमची बंद.
“मध्येच सोडलंस तर कुर्ली परत येईल,”
मडगावची बाई, पण शब्द बरोबर उचलला तिनं.
महिन्यानं पुन्हा तपासणी, गेली की नाही बघायला.

आता खाट उतरती.
झोपेत आम्ही दोघंही पायथ्याकडे घसरतो,
पहाटे यांचे पाय भिंतीला, माझे यांच्या पोटरीला.
भरतीच्या वेळापत्रकाखाली यांनी माझ्या गोळ्यांचं वेळापत्रक डकवलंय.
आणि रोज सकाळी, मी परसातून येते न येते तोच
विहिरीवरून, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं:
“काळी नाही ना गो?”

फेरीबोटीत तिसरी बाई हल्ली
यांच्याबद्दल विचारत नाही.