पासंग

बुधवारचा जुना बाजार. उन्हात पसरलेल्या
नळाच्या तोट्या, एकाच पायाचा बूट, दुर्बिणीची अर्धी नळी,
आणि त्यांच्याखाली दबलेला हा तराजू.
पितळी दांडी, दोन पारडी,
साखळी तीन ठिकाणी तारेनं जोडलेली.
इक्बाल शिकलगार नऊशे म्हणाला.
मी साडेचारशे.
"वजनावर घेताय की नजरेवर?" हसला तो,
आणि सहाशेला दिला,
कुणाच्या तरी उरलेल्या लग्नपत्रिकांत गुंडाळून.

धायरीत, सहाव्या मजल्यावर, भिंत ठरलेलीच होती:
एका पारड्यात मनीप्लांट,
दुसऱ्यात किल्ल्या, सुट्टे पैसे, लाईटबिल.

चिंच लावून घासताना
डाव्या पारड्याच्या तळाशी बोटाला लागला
लाखेचा काळा गोळा, हरभऱ्याएवढा.
"दांडी मारायचा लेकाचा," हेरंब म्हणाला.
मग जेवताना आम्ही दोघांनी मिळून
त्या कधी न पाहिलेल्या वाण्याला
टोपी घातली, जाड भिंगांचा चष्मा लावला,
त्याच्यापुढे पिशवी धरून एक बाई उभी केली
आणि तिचे तांदूळ
मूठमूठ कमी करत गेलो.

साखळी बदलायला तांबट आळीत नेला.
ठोक्यांच्या आवाजात वडक्यांना ओरडून सांगितलं,
हा गोळाही काढून टाका.
त्यांनी हातोडी खाली ठेवली.
रिकामा तराजू एका बोटावर तोलला.
दांडी जरा डुलली, थांबली.
आडवी. सरळ.
"खोटा असता तर झुकला असता, ताई.
पासंग आहे हा.
एक पारडं हलकं उतरलं असणार,
आमच्यातल्याच कुणाचा तरी हात चुकला.
वाण्यानं सांभाळून घेतलं."
साखळीचे पैसे घेतले.
गोळ्याला हात लावला नाही.

अक्काच्या पासंगालाही पुरणार नाहीस,
आई म्हणायची मला.
तो शब्द मी इतकी वर्षं
केवढ्या तरी धोंड्याएवढा समजत होते.

आता तराजू भिंतीवर आहे.
किल्ल्या खाली, रोप वर.
रोपाला पाणी घातलं की थोडा वेळ
किल्ल्या उचलल्या जातात.
रात्री हेरंब उशिरा येतो तेव्हा
आवाज होत नाही,
अंधारात नुसती पानं हलतात.

पाहुणे आले की तो अजून
दांडी मारणाऱ्या वाण्याचीच गोष्ट सांगतो.
ती जास्त रंगते.
मी चहा गाळत असते.
मध्ये बोलत नाही.