गालाला कळतं

वीज नसायची तेव्हा
लामारा हातमोजे धुऊन दोरीवर टांगायची.
कुताइसीतले ते हिवाळे,
दवाखान्यात साबण थोडा, भीती फार,
आणि मोज्यांची एकेक जोडी
सात-आठ पोटांत जाऊन आलेली.

वाळले की एकेकात हवा भरायची,
मनगटाशी पीळ देऊन कोंडायची,
आणि तो टम्म फुगलेला पाच बोटांचा प्राणी
गालाशी धरून डोळे मिटायची.
'भोक डोळ्याला दिसत नाही, थेओना.
कानाला ऐकू येत नाही. गालाला कळतं.'
मी सतरा वर्षांची. माझ्या गालाला
थंडीशिवाय काही कळायचं नाही.
एका मोज्याच्या करंगळीचं ठिगळ
ती दुसऱ्याच्या तर्जनीला चिकटवायची,
मग पावडर, मग रॉकेलच्या स्टोव्हवरची वाफ,
मग पुन्हा पोट.

आता खोकी येतात.
कुठल्या तरी उष्ण देशातल्या झाडांचा चीक,
एकदा घालायचा आणि पिवळ्या पिशवीत टाकायचा.
आम्ही दोन-दोन घालतो,
आत हिरवा, वर फिकट.
वरच्याला भोक पडलं की ओल आत शिरते
आणि तेवढ्यापुरता हिरवा गडद होतो,
चहाच्या भिजल्या पानाएवढा.
घंटा वाजत नाही.
कुणीतरी बघत असावं लागतं.

परवा रात्री दोन वाजता
बसचा ड्रायव्हर, फुटलेलं अपेंडिक्स.
अवथांदील टाके घालत होते.
त्यांच्या हाताला यश आहे, असं
रिओनीच्या दोन्ही काठांवर म्हणतात,
आणि ते खोटं नाही.
मी त्यांच्या डाव्या तर्जनीकडे पाहिलं.
पान.

'डॉक्टर, मोजा.'
'तीन राहिलेत.'
'टाके नाही. हातातला मोजा.'
'तीनच राहिलेत, थेओना.'

भूल देणाऱ्या नोदारने
मॉनिटरवरची नजर काढली नाही.
बावीस वर्षं मी या हातात सुई ठेवत आले,
मागायच्या आधी, त्यांच्याकडे न बघता,
आणि कधी ब्र काढला नाही.
सुई माझ्याकडे होती, दोरा ओवलेली.
मी ती दिली नाही.

एवढंच केलं.
त्यांचा तळवा पुढे आला आणि
रिकामा राहिला.
भिंतीवरच्या काट्याचे बारा ठोके.
ड्रायव्हरचं पोट दिव्याखाली उघडं,
झोपेत कुणी तोंड उघडं टाकावं तसं.

मग दोन्ही मोजे उतरले. नवे चढले.
तीन टाके पडले, नेहमीसारखे सुबक.
कुणी काही बोललं नाही,
चिमटेसुद्धा हळू वाजले.

सगळे गेल्यावर मोरीत
मी नवे मोजे घालून तो जुना नळाखाली धरला.
पाणी भरलं, मनगट पिळलं.
वरच्याच्या तर्जनीतून एक धार,
केसाहून बारीक, वाकडी,
स्वतःलाच लाजल्यासारखी.
हिरव्यातून थेंब नाही.
गालाशी धरावासा वाटला.
नाही धरला. रक्त ते रक्त.
लामारानेही हात झटकला असता.

ड्रायव्हरची बायको पाचव्या दिवशी
द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा घेऊन आली,
आणि कॉरिडॉरमध्येच
डॉक्टरांच्या दोन्ही हातांची चुंबनं घेतली.
ते हात मागे घेऊ बघत होते.
मी गाडी ढकलत बाजूने गेले,
एक चाक कुरकुरत होतं, बरं झालं.

तोवर ते माझ्याशी बोललेले नव्हते.
दुसऱ्या दिवशी सकाळी, हर्नियाच्या आधी,
कोपरापर्यंत ओले हात वर धरून म्हणाले,
'आतला अर्ध्या नंबराने मोठा दे.
दोन घातले की बोटं झोपतात.'

मी दिला.
साडेसातचा.
तो आठवड्यापूर्वीच काढून ठेवला होता.