जिन्याच्या वळणावर

अंजनगावात, जुन्या स्टँडसमोर,
जनता वस्तू भांडार होतं.
दोन मजले, सात विभाग,
निळ्या पाट्यांवर पांढरी अक्षरं:
कापड. भांडी. चप्पल-बूट.
'सौंदर्यप्रसाधने' हा शब्द मी तिथंच शिकले.
मायला वाचून दाखवला तर म्हणाली,
"काय असते वं थे?"
"पावडर," मी म्हटलं.

वस्तू लगेच हातात यायची नाही तिथं.
आधी हाडोळे पावती फाडायचे, खाली कार्बन घालून,
मग काचेच्या खोपटात बसलेले बोबडे,
पैसे, ठप्पा,
मग तिसरी खिडकी.
तिथला मुका माणूस पुडक्याला सुतळी अशी बांधायचा
की घरी गाठ सोडताना वाईट वाटायचं.
माय ती सुतळी गुंडाळून फळीवर ठेवायची.
एका रिबिनीसाठी तीन रांगा,
आणि कुणाला कसली घाई नव्हती.
कापूसतळणीची बस तशीही साडेपाचला.

खळीचा वास, रबराचा, फिनाईलचा,
आणि आमच्या अंगाला पानमळ्याचा,
जो घरी कधी यायचा नाही
पण त्या फरशीवर पाय ठेवला की यायचा.

वर जाताना, जिन्याच्या वळणावर,
सागाच्या चौकटीत आरसा होता.
माणसाहून उंच. काचेवर खाली लाल अक्षरांत
'सप्रेम भेट' आणि कुठल्याशा जिनिंगचं नाव.
आमच्या घरचा आरसा तळहाताएवढा, कुंकवापुरता;
त्यात एक तर कपाळ दिसायचं, नाही तर दात.
बाजाराच्या दिवशी लोक जिना चढायचे,
स्वतःला पाहायचे,
आणि काही न घेता उतरायचे.
गुल्हाने मॅनेजर हाकलायचे नाहीत. म्हणायचे,
"एका अंगानं उभे राहा, बावा, जिना चालू द्या."

मी पाचवीत गेले त्या वर्षी
गणवेशाचं कापड घ्यायला गेलो.
माय वळणावर थबकली.
मला वाटलं, पदर नीट करेल.
तिनं आधी पाय पाहिले, मग हळूहळू वर,
जसा कुणी शिडीवरच्या माणसाकडे पाहतो.
"मायबाई," ती म्हणाली, "एवढी उंच हावो मी?"

वेलींखालून वाकून वाकून
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
परतीच्या बसमध्ये जागा होती,
तरी ती कापूसतळणीपर्यंत उभी राहिली,
दांडीला न धरता.

भांडार एकदम बंद नाही झालं.
आधी वरचा मजला गेला, मग दिवे,
मग फळ्यांवर तेच ते डबे उरले, पुढे पुढे मांडलेले,
मागं काही नाही हे दिसू नये म्हणून.
हाडोळे कार्बन उलटा घालायला लागले होते म्हणतात.
शेवटी लिलाव.
आता तिथं मोबाइलचं दुकान, वर शिकवणी वर्ग.
आणि भाची फोनवर बोट फिरवते
तर कापूसतळणीत दारापर्यंत डबा येतो,
चिकटपट्टी सुरीनं कापावी लागते.
सोयीचं आहे. मीही मागवते.

मागच्या दिवाळीत भावाच्या पोराला
सलूनमध्ये घेऊन गेले, सुर्जीच्या बाजूला.
भिंतीवर लांबलचक आरसा, तीन खुर्च्यांना पुरलेला.
सागाची चौकट.
त्यांनी तो आडवा लावला होता.
'सप्रेम भेट' उजव्या कडेला
शिडीसारखं उभं होतं,
मी मान वाकडी करून वाचलं.
न्हाव्याला वाटलं, माझी मान धरली.

घरी येऊन मायला सांगितलं.
ती आता बाजेवर असते, पाठीला बाक,
माझ्या खांद्याखाली येते.
"पाय दिसते का त्याच्यात?"
"नाही. खांद्यापर्यंतच."
"मंग काहाचा आरसा थो."

मग बराच वेळ काही बोलली नाही.
मला वाटलं, झोप लागली.
"अन् थो मुका?" तिनं विचारलं. "थो कुठी गेला असन?"

मला माहीत नव्हतं.
त्याचं नाव काय, हेसुद्धा आम्ही
इतक्या वर्षांत कुणी
हाडोळेंना विचारलं नव्हतं.