हाकेला ओ

बाबांच्या कपाटात एकेचाळीस माणसं उभी होती.
वीतभरही उंच नाहीत,
निळ्या झिलईची, छातीवर हात बांधलेली,
उजव्या हाती कुदळ, डाव्या खांद्यामागे बियाण्याची पिशवी.
लहानपणी मी त्यांना जेवायला हाका मारायचे.
बाबा म्हणायचे, गोडेलीव, ती तुझ्या हाकेची नाहीत.

नाईलकाठच्या मेलेल्यांना पलीकडेही शेत होतं,
म्हणजे पाट काढणं आलं,
या काठची वाळू त्या काठावर वाहणं आलं.
वेठ काही चुकत नाही.
म्हणून ही माणसं सोबत पुरायची.
पुकारा झाला की धन्याने पडून राहायचं
आणि यांनी ओ द्यायची.
वर्षाच्या दिवसांइतकी माणसं,
आणि दर दहांवर चाबूकवाला मुकादम.
मरणातही मुकादम!
बाबा हे सांगून खो खो हसायचे;
गेंटच्या सूतगिरणीत अडतीस वर्षं
ते हजेरी मांडत होते.

बुटाच्या खोक्यात त्यांच्या हातची कार्डं सापडली.
क्र. ७ : ऑस्टेंड, दंतवैद्याच्या विधवेकडून.
कुदळ फुटकी. बाई रडत होती, घासाघीस केली नाही.
क्र. १२ : आईच्या कोटाचे पैसे.
एवढंच. तो हिवाळा मला आठवतो.

लिलावाचे तिब्बाऊतसाहेब पांढरे हातमोजे घालून आले.
एकेकाच्या पोटावरची अक्षरं वाचत गेले:
अमकीचा मुलगा, तमक्या देवळाचा लेखनिक,
धान्य मोजणाऱ्याची बायको.
एकोणिसाव्याला थांबले.
हे बदक बघा, म्हणाले, उलटं बघतंय.
वाचायला गेलं तर अर्थच नाही.
कुर्न्याचा माल.
तिथे खाली मेलेल्यांची घरं, वर जिवंतांची;
खालचं संपलं की वरचे घडवायला बसतात,
गाढवाच्या लिदीत वर्षभर पुरतात,
झालं तीन हजार वर्षांचं.
दोन बोटांनी उचलून त्यांनी तो बाजूला ठेवला,
खिडकीत, माझ्या चष्म्याशेजारी.

क्र. १९ : कुर्ना, १९६१. हसबल्लाकडून.
त्यानेच घडवलेला. अंगठ्याला निळा रंग होता.
जुना आहे, असं त्याने शपथेवर सांगितलं,
मी शपथेवर मान्य केलं.
चहाचे तीन पेले. त्याची पोरगी
आमच्या गोडेलीवएवढी, दारात बकरी धरून.

चाळीस गेली. स्पंजच्या खाचांत आडवी,
झ्युरिकला, टेक्सासला, कुणाच्या जिन्यातल्या दिव्याखाली.
पैसे चांगले आले; छप्पर शाकारलं.
रात्री मात्र तो धान्य मोजणारा आठवतो.
पहाटे पुकारा होत असेल,
तो मागे वळून बघत असेल,
मग स्वतःच वाकून टोपली उचलत असेल,
आणि त्याची माणसं
इतकी वर्षं आमच्या दिवाणखान्यात
हात बांधून.

नोव्हेंबरात बाबांची राख पुरली.
चिकणमाती, वरून भुरभुर,
खड्डा खणणाऱ्या पोराच्या कानात गाणं.
मी कोटाच्या खिशातून एकोणीस नंबर काढला
आणि कलशाला टेकवून उभा केला.
पोराने पाहिलं, काही विचारलं नाही.
मी तरी काय सांगणार होते?
की याच्यात खोटं एवढंच होतं,
याला अजून कुणी मेलेलं मिळालं नव्हतं?

तिकडेही गिरणी असेल, आणि फाटकाशी कुणीतरी वही घेऊन.
पुकारतील: व्हर्स्खाव्ह, ओडिलोन!
बाबा झोपलेले असू देत, त्यांनी पुष्कळ नावं पुकारली.
हा उत्तर देईल, हसबल्लाच्या बोलीत,
चहाचा घोट गिळून:
हादिर.

कुदळ तेवढी डाव्या हातात आहे.
घडवताना चुकली असेल.
चालेल. बाबाही डावखुरेच होते.