अठरा आटे, एकोणीस आटे

थंडी पडायच्या आत होड्या वर ओढाव्या लागतात
आणि ओढणारा ट्रक या किनाऱ्यावर एकच:
अमेरिकेतून युद्धासाठी आलेला,
युद्ध संपलं तरी परत न गेलेला.
टॉर्किलच्या आजोबांनी लिलावात घेतला, दोन गाई विकून.
मागच्या वर्षी ऐकलं तेव्हा तीन होत्या.

संध्याकाळी हवेची टाकी भरून ठेवली
की सकाळी काटा शून्यावर टेकलेला.
"म्हातारा रात्रभर उसासे टाकतो," टॉर्किल म्हणाला,
"ब्रेकचा भरवसा नाही तोवर
उतारावर पाच टनांची होडी मागे बांधून
मी काही बसायचा नाही. तू बघ."

बघायचं म्हणजे ऐकायचं.
इंजिन बंद, रेडिओ बंद,
शेवटी टॉर्किलही बंद.
मग खाडीवरचा वारा तेवढा उरतो
आणि त्याच्या आत, बारीक,
दात न उघडता बोलल्यासारखं काहीतरी.

भांडी घासायचा साबण, कोमट पाणी, दाढीचा जुना ब्रश.
पुठ्ठ्यावर पाठ टेकून मी चासीखाली सरकते.
एकेका जोडाला फेस लावते, थांबते.
पुढचा.
कोपरातून पाणी बाहीत उतरतं.

टाकीजवळ एक जोड विचित्र दिसला,
कुठल्याच कॅटलॉगात नसलेला, जाडसर, बेढब.
हाच चोर, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.
वरचा रंग खरवडला: हिरवा.
त्याखाली लाकूडवाल्यांचा लाल.
त्याखाली पुन्हा हिरवा, सैन्यातला,
आणि मग पितळ उघडं पडलं.

त्यावर ठोकलेले आकडे होते.
एका टोकाला अठरा, दुसऱ्याला एकोणीस,
मध्ये हाताने कोरलेला बाण.

नळी तिकडची: पाव इंची जोड, इंचाला अठरा आटे.
टाकी नंतर बसवलेली, इकडची: एकोणीस.
एकात दुसरा घातला तर
पहिले दोन फेरे गोडीत जातात,
तिसऱ्याला अडतात,
आणि जोर केला तर बसतातही.
फसगत होते ती तिथेच.
आट्यांच्या कोनात पाच अंशांचा फरक.
डोळ्याला दिसत नाही. हवेला दिसतो.

कुणीतरी ते ओळखून
लेथवर हा मधला तुकडा काढला होता
आणि नाव न घालता
पुढच्याला सांगून ठेवलं होतं.
मी फेस लावला. एक बुडबुडा नाही.
परत लावला, कारण मला बुडबुडा हवा होता.

फेस उठला तो हातभर पलीकडे,
टाकीच्या दुसऱ्या तोंडाशी,
फसाफसा, दूध उतू जावं तसा.
तो जोड चकचकीत होता. तो माझा.
जूनमध्ये बसवलेला:
अठराचा एकोणीसात,
चार वेढे टेप, लांब दांड्याचा पाना
आणि बराच आटापिटा.
"तुझ्या नातवापर्यंत टिकेल," असं मी टॉर्किलला सांगितलं होतं.

त्याला आता काय सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

शाळेच्या मागच्या शेडमध्ये लेथ आहे.
रुअरीने दिवा धरला.
जुना तुकडा मापाला शेजारी ठेवला,
पहिला नग वाया गेला, दुसरा बरा निघाला.
आकडे ठोकताना हात सरकला;
माझ्या एकोणीसातला नऊ कलंडलाय,
बाण मात्र सरळ आहे.

रात्री शंभरापर्यंत भरून ठेवलं.
सकाळी काटा पंच्याऐंशीवर.
टॉर्किलने काचेवर टिचकी मारली.
"उरलेले पंधरा?"
"ऐंशी वर्षांचा आहे," मी म्हटलं, "थोडा दम लागायचाच."
तो हसला नाही. ब्रेक दाबून पाहिला,
सोडला, पुन्हा दाबला,
मग दोर घ्यायला खाली उतरला.
भरतीला दोन तास होते
आणि होड्या सहा.