मानमोडी

लाल दोऱ्याची आधी गेली.
सकाळी खुराड्याची फळी काढली तर
बाकीच्या उड्या टाकून बाहेर, ही मागंच,
पंख सोडून, मान वाकडी करून
छपरात काहीतरी हुडकत असल्यासारखी.
खाली हिरवट-पांढरी शीट.
मला वाटलं, उष्णता झाली. गूळपाणी दिलं.

दोरे माझ्या पोरीनं बांधलेले.
विट्यात मागावर कामाला जायचं म्हणजे
सुताचे तुकडे पदराला चिकटून घरी येतातच.
आठ कोंबड्या, एक कोंबडा.
नावं ठेवायची नाहीत असं मी बजावलेलं,
म्हणून तिनं रंग ठेवले.

गुरुवारपर्यंत जांभळी, पोपटी,
आणि तो दोन दोऱ्यांचा कोंबडा.
रात्रपाळीला अख्खी शेड धडधडत होती
तरी मला त्यात घरघर ऐकू यायची,
चोच उघडून ओढलेला एकेक श्वास.

कुंडलिक आला, मोटारसायकलला दोन्हीकडं डालगी.
"उरल्यात त्या दे दीडशेनं.
उद्या त्याबी जातील. मी आजच कापतो."
खोटं कशाला बोलू, मनात हिशेब केला मी.
मग त्याच्या डालग्यातनं
कुणाच्या तरी घरची एक तलंग
मान वाकडी करून माझ्याकडं बघाय लागली.
लाल दोऱ्याची मी पंधरा दिवसांमागं
बाजारात स्वस्त पडली म्हणून आणलेली.
"विकायच्या नाहीत," म्हटलं.
तो हसला. गाडीला किक मारून
पुढच्या आळीला गेला.

खड्डा कमरेएवढा. चुना.
वर बाभळीच्या फांद्या, कुत्र्यांसाठी.
पोरीनं दोरे सोडून मागितले.
नाही म्हटलं. दोऱ्यांसकट पुरल्या.

दवाखान्यातले साळुंखे ड्रेसर फाटकातनंच बोलले,
"मानमोडी. आता औषध नाही, ताई.
लस आधी द्यायची असते."
आमच्या आत्तीच्या तोंडी हा शब्द
माणसांच्या साथीचा होता.
तिच्या आज्याच्या वेळची गोष्ट,
एक पोचवून येईस्तवर दुसरी तिरडी बांधलेली.
"आणि गल्लीतल्या?" मी विचारलं.
"बाटली शंभराची येते. फोडली की दोन तासांत संपवायची.
शंभर जमव, मी येतो."

चपला साबणाच्या पाण्यात बुडवून निघाले.
कुणाच्या परड्यात पाय ठेवला नाही,
रस्त्यावरनंच हाका मारल्या.
शिंगाड्यांच्या अकरा.
मुलाणींच्या सोळा, त्यात एक झुंजीचा असील.
तात्या मदन्यांच्या चार, आणि बदकाला चालतंय का म्हणाले.

सरूबाईशी मी तीन वर्षं बोलत नव्हते,
तिच्या कोंबड्यानं माझी कोथिंबीर उकरली तेव्हापासनं.
म्हटलं, आमच्यात रोग शिरलाय.
ऐकू गेलं नसावं.
घसा खाकरून परत म्हटलं, मोठ्यानं, अख्ख्या गल्लीला.
ती आत गेली. वाटलं, आता दार लावणार.
आली ती दोन काखांत दोन कोंबड्या घेऊन.
"बावीस हायत. धरायला कोण येणार?"
"मी नको," म्हटलं. "मी लांबच बरी."

रविवारी अंधारातच थर्मासमधल्या बर्फातनं बाटली आली.
डोळ्यात एकेक थेंब.
झालेली कळावी म्हणून पायात पांढरा दोरा,
शेडमधनं थेट आणलेला, आमच्या घरात न नेलेला.
मी रस्त्यावर उभी राहून मोजत होते.
सत्त्याऐंशी भरल्या.
उरलेले थेंब साळुंखेंनी उकळत्या पाण्यात टाकले.
मी तिकडं बघितलं नाही.

आमच्यातली निळी तेवढी जगली.
मान वाकडीच राहिली.
दाणा टिपायला जाते
आणि चोच दोन बोटं डावीकडं पडते.
पोर तिच्यापुढं उकिडवी बसते,
आपलीही मान तेवढीच वाकडी करते,
आणि ती जिथं चुकते
तिथं दाणा ठेवते.